घरखर्चाचा बारावा हिस्सा



बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहून देशाच्या चलनाचा हिशेब मांडला. त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्या आपण निदान घरचा हिशेब तरी कागदावर मांडला पाहिजे.

बँकेच्या खिडकीमागे बसून आम्ही एक गोष्ट नेहमी पाहतो. किराणा, वीजबिल, रेल्वेचा पास हे पगारदार माणूस कसेबसे भागवतो. घडी विस्कटते ती वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या देण्यांनी. घरपट्टी सहामाही येते, जूनमध्ये फी येते, मध्येच आजारपण येते. मग पाय सावकाराकडे वळतात. शेकडा पाच रुपये महिना ऐकायला थोडे वाटते. पण १५,००० रुपयांवर ते महिना ७५०, वर्षाला ९,००० होते आणि मुद्दल तसेच राहते!

कर मात्र अचानक येत नाहीत. महाराष्ट्रात दरमहा १०,००० रुपयांवर पगार असलेल्या पुरुषाचा व्यवसाय कर महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, असा वर्षाला २,५०० रुपये पगारातूनच कापला जातो. एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत पगार असलेल्या भगिनींना तो माफ आहे. घरपट्टी आपल्यालाच भरावी लागते. महापालिका हद्दीत ती थकली की दरमहा दोन टक्के शास्ती चढते. बऱ्याच ठिकाणी मुदतीपूर्वी भरणाऱ्यास सूटही मिळते.

म्हणून असा हिशेब करावा. समजा, वर्षाची घरपट्टी ६,०००, पाणीपट्टी २,४००, मुलांची फी २४,०००, औषधपाणी ९,६०० आणि जयंती, दीक्षाभूमीचा प्रवास, सण-समारंभ मिळून ६,००० रुपये. बेरीज ४८,००० झाली. तिचा बारावा हिस्सा ४,००० रुपये. पगार होताच हा हिस्सा आधी बाजूला काढावा आणि उरलेल्यात महिना चालवावा. फीचे २,००० मे महिन्यात मुदत संपेल अशा आवर्ती ठेवीत आणि बाकीचे २,००० वेगळ्या बचत खात्यात ठेवावेत.

तथागतांनी राजगृहात सिगाल या गृहस्थाला मिळकतीचे चार भाग सांगितले. एक उपभोगासाठी, दोन उद्योगात घालण्यासाठी आणि चौथा संकटकाळासाठी. आजच्या भाड्याच्या खोलीत चार सारखे भाग पडणार नाहीत, हे आम्हीही जाणतो. पण संकटाचा भाग आधी वेगळा काढण्याची शिकवण लहान पगारालाही लागू पडते. आणि नोकरदाराचा उद्योग म्हणजे मुलांचे शिक्षण, असे आम्ही मानतो. त्या भागाला लग्नाच्या मांडवासाठी हात लावू नये.

विद्यार्थी मित्रहो, घरातली हिशेबाची वही आता तुम्ही लिहा. आई-वडिलांसोबत बसून महिन्याचा जमाखर्च मांडा. आपली फी कुठून येते, हे ज्या मुलाला कळते, तो पुस्तकही जबाबदारीने उघडतो. सावकाराच्या वहीत आपले नाव नसणे, हासुद्धा स्वाभिमानच आहे.

एवढे बोलून आम्ही थांबतो. नमो बुद्धाय! जयभीम!