बांधावरची पाटी



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे आपण धरून चालला असाल. चिटणीसांनीही तसेच धरले होते. मी विषय कळवला तेव्हा "शिकारीशी तुमचा काय संबंध?" असे त्यांनी मला विचारले. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. पण तो दाखवायला तुम्हांला थोडे फ्रान्समध्ये न्यावे लागेल. मी कॉलेजाची पायरी चढलेलो नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, कामगारांच्या दाव्यांसाठी निवाडे चाळता चाळता वाचले. त्यातच हे प्रकरण हाती लागले आणि त्याने मला पुष्कळ दिवस स्वस्थ बसू दिले नाही.

राजेशाहीच्या काळी फ्रान्समध्ये शिकार हा सरदार-जहागिरदारांचा राखीव हक्क होता. उभ्या पिकातून त्यांचे घोडे आणि कुत्रे जात, त्यांच्या खुराड्यांतली कबुतरे पेरलेले दाणे टिपून नेत, आणि शेतकऱ्याने आपल्याच शेतातला ससा मारला तर तो मात्र गुन्हेगार. १७८९ साली गावोगावच्या लोकांनी राजाकडे तक्रारींच्या याद्या पाठवल्या, त्यांत हे गाऱ्हाणे पुन्हा पुन्हा आलेले आहे. त्या वर्षी ४ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रसभेने सरंजामी हक्क मोडीत काढले, त्यांत शिकारीचा आणि कबुतरखान्यांचा हक्कही गेला. क्रांती म्हटली की आपल्याला बॅस्टिलचा तुरुंग आठवतो. खेड्यातल्या माणसाला आपल्या बांधाच्या आत जहागिरदाराचे कुत्रे येत नाहीत, हीच क्रांती होती. पुढे १८४४ च्या कायद्याने स्पष्टच सांगितले की मालकाच्या संमतीवाचून दुसऱ्याच्या जमिनीवर कोणी शिकार करू नये.

आता गंमत पाहा. दक्षिण फ्रान्समध्ये शेतांचे तुकडे लहान. तिथे मालकाने उघड मनाई केली नाही म्हणजे त्याची संमती आहे असे धरून जो तो बंदूक घेऊन कुठेही हिंडू लागला. त्यामुळे सशा-तित्तिरांचा फडशा पडला. यावर उपाय म्हणून १९६४ साली एक कायदा झाला. तो वेर्देई नावाच्या सिनेटरच्या नावाने ओळखला जातो, आणि हे गृहस्थ समाजवादी पक्षाचे होते. शिकार ही श्रीमंतांची मिरास राहू नये, गावातल्या साध्या माणसालाही ती करता यावी, आणि जनावरांची राखणही शिस्तीत व्हावी, हा हेतू. हेतूत खोट काढायला जागा नाही. मार्ग असा काढला की गावोगाव शिकाऱ्यांची संघटना काढायची आणि लहान जमीनमालकांच्या जमिनी तिच्याकडे आपोआप वर्ग करायच्या. मालक आपोआप सभासद झाला, आणि इतर सभासदांना त्याच्या रानात शिकारीची मोकळीक मिळाली. घराभोवतालचे १५० मीटर तेवढे सोडले.

मात्र ज्याची जमीन सर्वसाधारणपणे २० हेक्टरांहून, म्हणजे सुमारे ५० एकरांहून, अधिक असेल त्याला बाहेर राहण्याची मुभा होती. (काही जिल्ह्यांत ही मर्यादा वेगळी होती.) आणि हा कायदा लागू असलेल्या ९३ जिल्ह्यांपैकी अवघ्या २९ जिल्ह्यांत अशा संघटना सक्तीच्या होत्या. मोठ्याला सवलत, लहानाला सक्ती! समाजवादी माणसाच्या हातून झालेल्या कायद्यात हे कलम कसे शिरले असेल याचा मी पुष्कळ विचार केला. उत्तर साधे असावे. संघटनेला सलग रान हवे होते. मोठ्या मालकाचे रान आधीच सलग होते, लहानांचे तुकडे जोडल्यावाचून होत नव्हते.

दोर्दोन्य, क्रूझ आणि जिरोंद या भागांतल्या काही लहान जमीनमालकांना शिकारच मान्य नव्हती. मुक्या जिवाला मौजेसाठी मारू नये, अशी त्यांची श्रद्धा. दोर्दोन्यातल्या मंडळींनी १९८५ साली बांधावर पाट्या लावल्या, 'शिकारीस मनाई' आणि 'अभयारण्य'. गावची शिकार संघटना कोर्टात गेली आणि कोर्टाने पाट्या काढायला लावल्या. आपल्या शेतात आपली पाटी लावता येत नाही, आणि ज्या गोष्टीचा तिटकारा तिच्याच संघटनेचे आपण सभासद! असे दहा जण एकेक पायरी चढत स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले. २९ एप्रिल १९९९ रोजी १२ विरुद्ध ५ मतांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला. न्यायालय म्हणाले की मालमत्तेच्या हक्काचा भंग झाला, लहान-मोठ्यांत भेदभाव झाला, आणि तिसरे, संघटना-स्वातंत्र्याचा भंग झाला. आपल्या मनाला न पटणाऱ्या संघटनेत माणसाला कायद्याने कोंबता येत नाही.

या तिसऱ्या मुद्द्यावर माझ्यातला युनियनवाला दचकला. कारण हेच न्यायालय हेच बोल आधी आम्हांला सुनावून बसले होते. १९७५ साली ब्रिटिश रेल्वेने तीन युनियनांशी करार केला की यापुढे नोकरीत राहायचे तर यांपैकी एकीचे सभासद झाले पाहिजे. तीन कामगारांनी नकार दिला, त्यांना १९७६ साली कामावरून काढले, आणि १९८१ साली या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे शिकारीला नाही म्हणणारा शेतकरी आणि युनियनला नाही म्हणणारा कामगार एकाच पाटावर बसले. शेतकऱ्यासाठी टाळी वाजवायची तर कामगाराचे काय करायचे?

तुमच्यापैकी ज्यांनी गेटवर पावतीपुस्तक घेऊन उन्हात उभे राहून वर्गणी गोळा केली आहे त्यांना माझी अडचण कळेल. चारशे माणसे संप करतात, पगार कापून घेतात, करार होतो. आणि जो चाळीसावा माणूस मागच्या दाराने कामावर गेला तोही वाढीव पगार घेतो. त्याच्या 'स्वातंत्र्या'विषयी मला फारसा उमाळा येत नाही. पण दुसरी बाजूही मुंबईने पाहिली आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच संघटनेला प्रातिनिधिक ठरवले. सभासद व्हा अशी सक्ती नव्हती. पण मालकाशी बोलणार ती, करारावर सही करणार ती, मग कामगाराचा तिच्यावर विश्वास असो वा नसो. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाखांच्या घरात गिरणी कामगार बाहेर पडले, त्यामागे पगाराइतकेच हेही दुखणे होते. त्या वेळी मी शाळकरी पोर होतो. पण 'आमच्या नावाने दुसराच बोलतो' हे वाक्य चाळीच्या गॅलरीत मी इतक्यांदा ऐकले आहे की ते मला कोणी शिकवावे लागले नाही. बांधावरची पाटी काढून टाकावी लागलेला फ्रेंच शेतकरी दुसरे काय म्हणत होता?

तरीही ही पाटी नेहमी गरिबाच्याच हातात असते असे समजू नका. फ्रान्समध्ये सोलोन्य नावाचा जंगलपट्टा आहे. तिथे मोठमोठ्या मालकांनी शेकडो हेक्टरांना उंच जाळ्या मारल्या आणि आत कोंडलेल्या जनावरांची पाहुण्यांकडून शिकार करवली. २ फेब्रुवारी २०२३ च्या कायद्याने कुंपणाची उंची १ मीटर २० सेंटिमीटरवर आणली, जनावरांना वाट ठेवायला लावली. छान झाले. पण त्याच कायद्याने, मालकांची समजूत काढण्यासाठी म्हणा, मनाईची पाटी असलेल्या खासगी रानात पाऊल टाकणाऱ्याला दंडही ठेवला. लगेच शार्त्रूझच्या डोंगरात एका मोठ्या मालकाने सुमारे ७५० हेक्टर वाटसरूंना बंद केले. शिकार मात्र आत चालूच. पाटी तीच, शब्दही जवळजवळ तेच. पण पाच एकरांचा मालक 'मारू नका' म्हणून पाटी लावतो, आणि हा लावतो ती 'मारण्याचा हक्क माझाच' म्हणून. ही तर १७८९ च्या आधीची पाटी झाली. कायद्याला दोन्ही पाट्या सारख्या दिसतील. तुम्हा-आम्हांला दिसू नयेत.

जर्मनीचीही कथा याच वळणाची. १८४८ च्या क्रांतीत दुसऱ्याच्या जमिनीवरचा सरदारी शिकारहक्क गेला, आणि दोनच वर्षांत प्रशियाने लहान तुकडे जोडून सामायिक शिकारक्षेत्रे केली. मार्क्सने १८४२ साली ऱ्हाइन प्रांतात वाळक्या फाट्या वेचणाऱ्या गरिबांना चोर ठरवणाऱ्या कायद्यावर लेख लिहिले होते, तोच हा मुलूख आणि तोच काळ. ७५ हेक्टरांखालचा मालक शिकारसंघाचा सक्तीचा सभासद, हा नियम पुढे १९५२ च्या संघराज्य कायद्यातही राहिला. २०१२ साली स्ट्रासबुर्गने तोही चूक ठरवला, आणि २०१३ पासून जर्मन मालकाला मनाच्या कारणासाठी आपली जमीन शिकारीतून सोडवून घेता येते.

मात्र सुटका फुकट नाही, आणि मला हे कलम सर्वांत आवडले. फ्रान्सने २००० साली अशी मुभा दिली तेव्हा अटी घातल्या. ज्याने नकार दिला त्याने स्वतःही तिथे शिकार करायची नाही, पाट्या स्वतः लावायच्या, आणि आपल्या रानातली जनावरे शेजाऱ्यांचे नुकसान करू लागली तर त्यांचा बंदोबस्त करायचा. जर्मनीत तर भोवतालच्या शेतांत रानडुकरांनी केलेल्या नुकसानीच्या भरपाईत अशा मालकालाही आपल्या जमिनीच्या प्रमाणात वाटा उचलावा लागतो. रानडुक्कर बटाट्याच्या शेतात एका रात्रीत काय करते हे आपल्याकडे कोकणातल्या माणसाला विचारा. तो या कलमाचा अर्थ वकिलापेक्षा चांगला सांगेल.

युनियनवाल्यांना हे नवे नाही. कॅनडात विंडसरच्या फोर्ड कारखान्यातल्या १९४५ च्या संपानंतर न्यायमूर्ती रँड यांनी १९४६ साली असाच तोडगा दिला. युनियनचे सभासद व्हा अशी सक्ती कोणावर नाही; पण कराराचा फायदा सर्वांना मिळतो, तेव्हा वर्गणी सर्वांच्या पगारातून कापायची. ज्याला सभेत बसायचे नाही त्याने बसू नये, त्याच्या तोंडून घोषणा वदवून घेऊ नये; सामायिक खर्चाचा त्याचा भाग मात्र त्याने द्यावा. येत्या महिन्यात आमच्या युनियनच्या वार्षिक सभेत हाच ठराव मी मांडणार आहे. त्याला विरोध करणारे दोघे-तिघे इथे पुढच्या रांगेत बसलेले मला दिसताहेत. प्रश्न विचारायला आता त्यांच्यापासूनच सुरुवात करू या.