पिशवीत नवऱ्याचा रिपोर्ट कुठे आहे?



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे आज औषधांबद्दल नाही, फाइलबद्दल बोलतो.

लग्नाला दोन वर्षं झाली, मूल नाही, की आपल्याकडे सुनेला दवाखान्यात नेतात. आधी मोहल्ल्यातली डॉक्टरीण, मग मोठं हॉस्पिटल, मधे एखादा हकीम. प्लास्टिकच्या पिशवीत कागद वाढतात. सोनोग्राफी, थायरॉइड, गर्भनलिकांचा एक्स-रे. कागद हरवले की त्याच तपासण्या पुन्हा, खर्चही पुन्हा. आणि अख्ख्या पिशवीत नवऱ्याचा एकही रिपोर्ट नसतो. तरी घरात निकाल लागलेला असतो आणि दुसऱ्या निकाहची बोलणी सुरू होतात.

इथे संगणकावरची नोंद उपयोगी पडते, पण ती नीट बांधलेली हवी. पती-पत्नीच्या नोंदी एकमेकींना जोडलेल्या असाव्यात. वीर्यतपासणीचा रकाना रिकामा असताना डॉक्टर बाईसाठी एक्स-रे लिहू लागले, तर पडद्यावर सूचना यावी. वीर्यतपासणीत सुई नाही, भूल नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून रिपोर्ट वाईट आला तर फेरतपासणीची तारीखही यंत्रानेच सुचवावी. हे लिहायला अवघड नाही, आमच्याकडे याहून किचकट कामं रोज होतात. अडचण अशी की बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअर बिलासाठी घेतलेलं असतं.

नोंदींमुळे लागलेला निकाल बदलल्याचं एक उदाहरण याच क्षेत्रात आहे. 1978 साली कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. सरकारी समितीने ते मानलं नाही. 1981 साली त्यांनी आत्महत्या केली. पुढे 1986 साली मुंबईत केईएममध्ये हर्षा जन्मली. त्या कामातले शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांनी नंतर मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणं वाचली आणि पहिलेपणाचा मान त्यांचाच, असं जाहीर केलं. स्वतःच्या कामाचा मान सोडून!

आता गुप्ततेचं. 2021 च्या कायद्याने आयव्हीएफ केंद्रांवर जोडप्याची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन आहे. पण गळती बहुधा घरातच होते. खिडकीवर मोबाइल नंबर विचारला की नवरा किंवा दीर पटकन आपला सांगतो. पुढचे ओटीपी, रिपोर्ट सगळे त्या फोनवर. तिला स्वतःचा रिपोर्ट इतरांकडून कळतो. तुमच्या बहिणीबरोबर, भाभीबरोबर गेलात तर तिचाच नंबर लिहून द्या, आणि दोघांच्या तपासण्या लिहिल्यात का, तेवढं डॉक्टरांना विचारा.

आता तुमचे प्रश्न घेतो.