पुनरुत्थानाची रात्र



यहुद्यांच्या वल्हांडणावरून ‘पास्का’ हे नाव आले. हा सण सर्वांनी एकाच रविवारी पाळावा, असे ३२५ साली निकेया येथील धर्मपरिषदेने ठरविले. आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळी पास्काची मेणबत्ती शनिवारी सकाळी, भर उजेडात पेटत असे. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी हा विधी रात्री करण्यास मोकळीक दिली. १९५६ पासून तो रात्रीच होऊ लागला.

अंधारावाचून ज्योतीचे मोल कसे कळावे? म्हणून शुक्रवारच्या शोकापाशीच आम्ही थांबू नये. त्या रात्री मुलाबाळांसह मंदिरात यावे, त्या एका ज्योतीवरून आपापली मेणबत्ती लावावी व बाप्तिस्म्याची वचने मनःपूर्वक पुन्हा उच्चारावीत, हीच आमची विनंती.