आधी अर्थ, मग व्याकरण

परकी भाषा शिकण्याच्या कामी फ्रान्स्वा ग्वँ या फ्रेंच लॅटिन-शिक्षकाने जितके कष्ट उपसले, तितके क्वचितच कोणी उपसले असतील. एकोणिसाव्या शतकात तो जर्मन शिकण्यासाठी हाम्बुर्ग शहरी जाऊन राहिला. लॅटिन ज्या मार्गाने शिकविली जाते तोच मार्ग त्याने जर्मनसाठी धरला. सुमारे दहा दिवसांत व्याकरणाचे पुस्तक व २४८ अनियमित क्रियापदे मुखोद्गत करून तो मोठ्या विश्वासाने व्याख्यान ऐकावयास गेला. त्याला एक शब्दही कळला नाही. मग धातू पाठ झाले, गटे व शिलर यांच्या ग्रंथांची भाषांतरे झाली, अखेरीस ३०,००० शब्दांचा कोशही पाठ झाला. डोळे दुखावले, जर्मन मात्र दूरच राहिली.

खिन्न मनाने तो घरी परतला. तो गेला तेव्हा ज्याला बोलताही येत नव्हते, असा नात्यातील एक लहान मुलगा आता अखंड बडबडत होता. या मुलाने एकदा पिठाची गिरणी पाहिली. घरी येताच भेटेल त्यास त्याने तिची हकीकत सांगितली. मग वाहत्या पाण्याच्या काठी वाळूच्या चिमुकल्या पिशव्या भरून त्याने गिरणीचा खेळ मांडला आणि एकेक क्रिया बोलत बोलत केली. ग्वँच्या ध्यानी आले की, मुलाने शब्द घोकले नव्हते. घडलेली गोष्ट त्याला उमजली होती आणि शब्द तिच्या पाठोपाठ आले होते. दाराकडे जाणे, हात पुढे करणे, दार उघडणे अशा ओळीने घडणाऱ्या क्रियांतून भाषा शिकविण्याची पद्धत त्याने १८८० साली ग्रंथरूपाने मांडली.

हा अनुभव महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांना नवा नाही. बडोद्याचे मराठी मूल गुजराती आणि बेळगावचे मराठी मूल कन्नड शेजारच्या अंगणात उचलते. तेथे त्याला विभक्ती कोणी विचारीत नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी कित्येकांना इंग्रजी वाचावयास व लिहावयास शिकविले, हे त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु नियम तोंडपाठ असूनही चार वाक्ये बोलण्याची वेळ येताच ज्यांची जीभ अडखळते, अशांची संख्याही लहान नाही.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात या अनुभवास शास्त्राचे रूप दिले. विद्यार्थ्यास जेवढे कळते त्याच्या केवळ एक पायरी पुढची, पण संदर्भाने समजेल अशी भाषा त्याच्या कानी व डोळ्यांपुढे विपुल आली, म्हणजे ती त्याच्या अंगी मुरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. भीती व संकोच यांनी मन आक्रसले, तर ऐकलेलेही आत शिरत नाही. म्हणून फ्रेंचचा शिक्षक टोपी हातात घेतो, मेजावर ठेवतो, डोक्यावर घालतो आणि प्रत्येक वेळी ती क्रिया फ्रेंचमध्ये सांगतो. विद्यार्थ्याने प्रथम केवळ कृतीने उत्तर दिले तरी चालते. बोलणे मागाहून येते.

परंतु ती भाषा अस्खलित बोलणारा शिक्षक खेडोपाडी कोठून आणावा, हा प्रश्न उरतोच. त्याचे एक उत्तर फिजी बेटांत मिळाले. तेथील ग्रामीण प्राथमिक शाळांच्या काही वर्गांना प्रत्येकी सुमारे २५० सचित्र इंग्रजी गोष्टींची पुस्तके देण्यात आली. एली व मंगुभाई या संशोधकांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तानुसार, वाचन व श्रवण यांत ही मुले नेहमीच्या सुमारे दुप्पट वेगाने पुढे गेली. पुढील वर्षी त्यांचे लेखनही सुधारलेले दिसले.

मग व्याकरण टाकून द्यावे काय? तसेही नाही. कॅनडात माँट्रिअलजवळच्या सेंट लँबर्ट येथे १९६५ साली इंग्रजी भाषिक मुलांना बालवर्गापासून फ्रेंचमधूनच शिकविण्यास आरंभ झाला. अशा वर्गांतील मुले फ्रेंच उत्तम समजू लागली, त्यांच्या इंग्रजीचीही हानी झाली नाही. तथापि बोलण्यातील व्याकरणाच्या चुका वर्षानुवर्षे टिकून राहिल्या. त्यावरून मेरिल स्वेन या विदुषींनी १९८५ मध्ये दाखवून दिले की, समजणे हा पाया असला तरी स्वतः बोलण्या-लिहिण्याचा प्रयत्नही हवा. अशा वेळी व्याकरण उपयोगी पडते. मात्र ते आधीच अंगवळणी पडलेल्या भाषेवर हात फिरविणाऱ्या कारागिरासारखे यावे. दारात अडविणाऱ्या पहारेकऱ्यासारखे नव्हे.

शेवटच्या बाकावरील एखादा मुलगा क्रियापदांची रूपे चुकतो आणि सर्वांदेखत मठ्ठ ठरतो. तोच मुलगा सायंकाळी बाजारात दोन भाषांत बिनचूक व्यवहार करून घरी येतो. त्याची बुद्धी शाबूत आहे. त्याला समजेल अशी एक गोष्ट परक्या भाषेत कोणी सांगितली आहे काय, हे आधी पाहावे. त्याच्या प्रगतिपुस्तकावर शेरा त्यानंतर लिहावा.