जुन्या चामडी पिशवीची निगा

नंदुरबार जिल्ह्यांत, शहादा तालुक्यांतील सारंगखेडा येथें, तापीच्या तीरावर दरवर्षीं दत्तजयंतीस मोठी यात्रा भरते. एकमुखी दत्ताचें दर्शन आणि घोड्यांचा बाजार यांकरितां ती दूरवर प्रसिद्ध आहे. घोड्यांबरोबर त्यांचा साजही तेथें विकावयास येतो: जीन, लगाम, तंग. जाणता स्वार लगाम घेतांना नुसत्या चकाकीवर भुलत नाहीं. तो वादी बोटांत वांकवितो आणि वांकलेल्या जागीं बारीक भेगा पडतात कीं काय, हें पाहतो. चामड्याची खरी प्रकृति त्या वांकांत कळते.

शहरांतील घरांत घोडा नसतो. परंतु कपाटाच्या खालच्या कप्प्यांत आजीची हातपिशवी किंवा आजोबांची कचेरीची बॅग पुष्कळदां असते. एखाद्या दिवशीं ती बाहेर निघते, तिचा निस्तेज रंग पाहून घरच्यांस वाईट वाटतें, आणि स्वयंपाकघरांतील तेलाची बाटली पुढें येते. वर्षानुवर्षांच्या उपेक्षेनें जें झालें नाहीं, तें कित्येकदां या एका दिवसाच्या प्रेमानें होतें.

चामडें म्हणजे कातड्यांतील सूक्ष्म तंतूंचें दाट जाळें. कच्चें कातडें कुजतें. तें कुजूं नये म्हणून त्या तंतूंस तुरट द्रव्य पाजावें लागतें. महाराष्ट्रांत बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा हीं द्रव्यें या कामीं पिढ्यान्‌पिढ्या वापरलीं गेलीं. अमेरिकेंत १८८४ सालीं क्रोमियमच्या क्षारांनीं कातडें कमावण्याच्या एका रीतीचें पेटंट घेतलें गेलें, आणि पुढें ती रीत जगभर पसरली. सालीनें कमावलेल्या चामड्याची कापलेली कड आंतपर्यंत तपकिरी दिसते. न रंगविलेल्या क्रोमच्या चामड्याची कड निळसर राखी असते. दोहोंची प्रकृति भिन्न असल्यामुळें ही ओळख प्रथम करून घ्यावी.

सालीनें कमावलेल्या चामड्यास एक विशेष रोग जडतो. धुरकट हवेंतील गंधकयुक्त वायु तें शोषून घेतें. त्यापासून आंतल्या आंत गंधकाम्ल तयार होतें. तंतु तुटतात आणि पृष्ठभागाची लालसर भुकटी होऊं लागते. ग्रंथांच्या चामडी बांधण्या अशा नासूं लागल्या, तेव्हां लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्‌सनें १९०० सालीं चौकशीकरितां समिति नेमली. १९०५ सालच्या तिच्या अहवालाचें तात्पर्य असें कीं, कमावण्याचें द्रव्य कोणतें यावर चामड्याचें आयुष्य फार अवलंबून असतें. तरवडाच्या सालीनें कमावलेलीं हिंदुस्थानांतील कातडीं लवकर नासणारीं ठरलीं. सुमाकच्या पानांनीं कमावलेलीं अधिक टिकाऊ ठरलीं. आपला हिरडा रसायनदृष्ट्या सुमाकच्याच वर्गांत मोडतो.

म्हणून पहिली परीक्षा पांढऱ्या कोरड्या फडक्याची. तें पिशवीच्या आंतल्या कोपऱ्यावर हलकेंच फिरवावें. फडक्यावर लाल भुकटी आली, तर तेल सर्वथा वर्ज्य समजावें. अशा चामड्यावर तेलानें काळे डाग पडतात, रोग मात्र बरा होत नाहीं. संग्रहालयांतील तज्ज्ञ सेल्यूलोजपासून केलेला एक पदार्थ मद्यार्कांत विरघळवून अशा पृष्ठभागास स्थैर्य देतात. त्यानें भुकटी थांबते, परंतु तुटलेले तंतु पुन्हां जुळत नाहींत.

चामडें निरोगी असेल, तर प्रथम पिशवी रिकामी करावी, अस्तर झटकावें आणि मऊ कुंचल्यानें शिवणीशिवणींतील धूळ काढावी. बुरशी असल्यास हें काम घराबाहेर, नाकास फडकें बांधून करावें. साबण आणि सोडा टाळावा, कारण चामड्याची प्रकृति आम्ल आणि त्यांची अल्कयुक्त. ओल्या चामड्यास उष्णता लागली कीं तें आकसतें आणि पूर्ववत्‌ होत नाहीं. म्हणून ऊन, इस्त्री व केस वाळविण्याचें यंत्र यांपासून तें दूर ठेवावें.

आतां तेलाचा प्रश्न. जवसाचें तेल हवेनें वाळून कडक होतें. करडईचेंही तसेंच, पण हळूहळू. खोबरेल सुमारें २४ अंशांखालीं थिजतें, तेव्हां हिवाळ्यांत त्याचा पांढरा थर वर येऊं शकतो. शिवाय तें कालांतरानें खवट होतें. मेंढीच्या लोकरींतून मिळणारें लॅनोलिन आणि मधमाश्यांचें मेण यांचें मऊ मिश्रण त्यांपेक्षां बरें. तेंही बोटाच्या टोकावर मावेल इतकेंच घेऊन आधीं तळाशीं लावून पाहावें, एक दिवस थांबावें आणि उरलेलें पुसून टाकावें. अधिक स्निग्धानें चामडें सैल पडतें, धूळ धरतें आणि बुरशीस आमंत्रण देतें. लाखेसारख्या चकाकणाऱ्या व मखमली पृष्ठाच्या चामड्यास हा उपचार करूंच नये.

पितळी कड्यांभोंवतीं पुष्कळदां हिरवें मेण सांचलेलें दिसतें. चामड्यांतील स्निग्ध आम्लें आणि पितळेंतील तांबें यांच्या संयोगानें तें बनतें. लांकडी काडीनें तें खरवडून काढावें. शिवण उसवली असेल, तर ती मोच्याकडून जुन्याच भोंकांतून हातानें घालून घ्यावी. यंत्राच्या सुईनें नवीं भोंकें पाडलीं म्हणजे जुन्या चामड्यास फाटण्याची रेघच आंखून दिल्यासारखें होतें.

शेवटीं ठेवण्याची रीत. नंदुरबारकडे वैशाखांत पारा चाळिशीपार जातो आणि पावसाळ्यांत हवा दमट होते. चामड्यास हे दोन्ही टोकांचे ऋतु सोसवत नाहींत. पिशवींत बिनछापील कागद हलका भरावा, ती सुती कापडांत गुंडाळावी, बंद्यावर टांगूं नये आणि प्लॅस्टिकमध्यें कोंडूं नये. पावसाळ्यांत महिन्यांतून एकदां तिला सावलींतील वारा द्यावा.

ज्या हातानें ती पिशवी वर्षानुवर्षें वागविली, त्याच्या घामानें तिचा बंद काळसर झालेला असतो. नवा रंग चढविला कीं ती खूण कायमची जाते. पिशवी नवी दिसावी कीं आजीची राहावी, याचा निर्णय घरच्यांनीं तेलाची बाटली उघडण्यापूर्वींच करावा; कारण चामड्यांत एकदां मुरलेलें तेल पुन्हां बाहेर काढतां येत नाहीं.