आधी हौदा उतरवा, मग कर्ज ठरवा

(मेहरूण येथे गटांच्या मासिक सभेत एका ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलल्या तसाच ठेवला आहे.)



विषय ऐकून मागच्या रांगेत हसू आलं. हसा, पण ऐका. आपल्या एका गटानं केळी आणि भाजीपाला वाहायला जुनी पिकअप घेतली आहे. बँकेचा हप्ता चालू आहे. आता तिच्या चेसीला जंग लागलाय आणि गटानं दुरुस्तीसाठी कर्ज मागितलंय. दोन मिस्त्रींना विचारलं. एक म्हणतो, खालूनच पत्रा मारतो, उद्या संध्याकाळी गाडी न्या. दुसरा म्हणतो, हौदा उतरवावा लागेल, आठ दिवस धरा. साहजिकच सगळ्यांचं मन पहिल्याकडं. माझ्या वडिलांचं इथंच मेहरूणला वेल्डिंगचं दुकान होतं, लहानपणापासून हे काम बघत आले, म्हणून मला बोलायला उभं केलंय. मी दुसऱ्या मिस्त्रीच्या बाजूची आहे.

पिकअपची चेसी म्हणजे आडवी ठेवलेली शिडी समजा. दोन लांब लोखंडी दांडे आणि मधे पायऱ्यांसारखे आडवे तुकडे. इंजिन, केबिन, पाटे, चाकं, सगळं तिलाच धरून. हौदा तिच्यावर नुसता बोल्टनं कसलेला असतो. हौद्याचा पत्रा कुजला तर माल सांडेल. चेसी कुजली तर भरलेली गाडी रस्त्यात बसेल.

आपल्याला वाटतं, जळगावचं ऊन एवढं, मे महिन्यात पारा 45 ला जातो, इथं कुठला जंग? पण केळीला आपण पोटॅश घालतो ना? ते पोटॅशियम क्लोराईड, मिठाच्याच जातीचं. गोणी फाटते, थोडं सांडतं, फटीतून खाली जातं. वरून केळीच्या ओल्या पाल्याचं पाणी, खालून चाकानं उडवलेला चिखल. हे सगळं हौदा आणि चेसीच्या मधल्या सांदीत बसतं. तिथं ऊन पोचतच नाही. हौद्याखाली लाकडाच्या पट्ट्या किंवा गोणपाट टाकलेलं असेल तर ते आठ-आठ दिवस ओल धरून ठेवतं. आणि जुनी गाडी घेताना नंबर बघत जा. आपला एमएच 19, धुळ्याचा 18. पण 08 म्हणजे रत्नागिरी, 07 म्हणजे सिंधुदुर्ग. समुद्राकाठी मासळी वाहिलेली गाडी असेल तर तिच्या पोटात काय काय असेल ते उतरवल्याशिवाय कळत नाही.

आता मुद्दा असा की, दांड्याची वरची बाजू हौदा असेपर्यंत दिसतच नाही. आणि कुजायला सुरुवात बरेचदा तिथूनच होते. मागच्या चाकांच्या वर, आणि पाटे जिथं अडकवतात त्या हँगरपाशी. खालून पत्रा मारणारा मिस्त्री कुजलेल्या लोखंडावर चांगलं लोखंड चिकटवतो. वेल्डिंग धरतं, पण कशाला? पापडाला. चेसीला नुकताच काळाकुट्ट रंग मारलेला दिसला की मला तर आधी शंका येते.

हौदा उतरवणं हे काही फार मोठं संकट नाही. बॅटरी काढायची, मागच्या दिव्यांच्या वायरी सोडायच्या, डिझेल भरायची नळी हौद्याला अडकवलेली असेल तर तीही सुटी करायची. बोल्ट जंगलेले असतात, ते कापावे लागतात, नवे घालायचे. मग चेन कप्पीनं हौदा उचलून बाजूला ड्रमवर ठेवायचा. माणसं लावून हातानं उचलू देऊ नका, एकाचा हात सुटला की दुसऱ्याचा पाय जातो.

मग चेसी तारेच्या ब्रशनं घासून हातोडीनं ठोकत जायचं. खणखण वाजलं तर लोखंड चांगलं, भद्द वाजलं तर गेलं. पेचकस दाबला आणि आत गेला, म्हणजे बोलायलाच नको. कुजलेला भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापून काढायचा आणि तेवढ्याच जाडीचा पत्रा जोडायचा. जोड सरळ उभ्या रेषेत नको, तिरपा घ्यायला सांगा. उभ्या जोडावर सगळा ताण एकाच रेघेत येतो आणि तिथंच पुन्हा चीर पडते. वेल्डिंगच्या आधी डिझेलची टाकी उतरवलीच पाहिजे, यात तडजोड नाही. शेवटी रेडऑक्साईड, रंग, पोकळ भागात आतून तेल, आणि हौदा बसवताना लाकडाऐवजी रबराचं पॅकिंग.

कागदाचंही बघा. आरसी बुकातला चेसी नंबर चेसीवर ठोकलेला असतो. त्या जागी ग्रायंडर लावू द्यायचा नाही. नंबरापाशीच जंग असेल तर आधी आरटीओत विचारायचं. नंबर पुसला की गाडी चोरीची ठरायला वेळ लागत नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीतल्या नोंदीपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. आणि मालवाहू गाडी 8 वर्षांची झाली की पासिंग दरवर्षी असतं, तिथं ही चेसी दिसणारच आहे.

एक बोलून घेते, कोणाला राग आला तरी. याच गाडीच्या हौद्यात आपण मजुरीला जातो. फेब्रुवारी 2021 मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला, किमान 15 मजूर गेले. तिथं चेसीचा विषय नव्हता, पण मालाच्या गाडीत माणसं होती. चेसी नवी करून आणली तरी हौदा बायकांसाठी नाही.

तर कर्जाचं असं करूया. आज पूर्ण रक्कम मंजूर करायची नाही. पहिला हप्ता फक्त हौदा उतरवून घासण्यापुरता. मग गटातल्या दोघी जाऊन बघतील, फोटो काढतील, आणि मिस्त्रीनं लोखंड, बोल्ट, मजुरी वेगवेगळी लिहून द्यायची. दोन्ही बाजूंचे हँगर कुजलेले निघाले तर मी सांगेन, गाडी भंगारात काढा, उरलेलं कर्ज घेऊच नका. आठ दिवसांचं भाडं बुडेल, खरंय. तेवढे दिवस माल दुसऱ्या गाडीनं पाठवायचा खर्चही त्याच हिशोबात धरा.

गाडी बाहेर लिंबाखाली उभी आहे. मी टॉर्च आणि हातोडी आणली आहे. चहा झाला की ज्यांना बघायचं त्यांनी या, साडी जरा खोचून घ्या, खाली वाकावं लागेल.