सनद घरात येऊ द्या



मी गिरणीतला कामगार. बारावी झालेल्या पोरापोरींच्या आईबापाशी दोन शब्द बोलायला उभा आहे.

बाबासाहेब बॅरिस्टर झाले, 1935 साली मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, हे आपण दर जयंतीला सांगतो. पण आपल्या दुसरबीडात किती घरांत वकिलीची सनद आहे?

बारावी कोणत्याही शाखेची चालते. आपल्या पोरांना 40 टक्के गुण लागतात. सीईटी दिली की पाच वर्षांचा कोर्स. पदवीनंतर तीन वर्षांचा. मग सनद आणि बार परीक्षा. सनदेच्या फीला घाबरू नका. अनुसूचित जाती-जमातींकडून नोंदणी फी 125 रुपयांच्या वर घेता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 ला दिला. मुद्रांक शुल्क तेवढे वेगळे.

पुढे वकिली आहे, बँकेत विधी अधिकारी आहे, सरकारी वकील आहे. न्यायाधीश व्हायला आधी तीन वर्षे वकिली हवी, असे 2025 साली ठरले. तो निकाल देणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख होते अमरावतीचे भूषण गवई साहेब.

खरी कसोटी या तीन वर्षांची. ज्युनिअरला कमाई जेमतेम. घरचे म्हणतात, "शिकून काय दिवे लावले?" मग पोरगं काळा कोट खुंटीला टांगून कंपनीत जातं, पोरीचं आपण लग्न उरकतो. बाबांनो, तेवढा काळ घरानं तग धरा. लग्नातला बँड कमी करा, पण तिच्या एसटीचं भाडं थांबवू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!